डाव्या हाताला ढोलकी

मंचरला एसटी स्टँडच्या मागे, खताच्या दुकानाच्या माडीवर आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. चित्रपट, दूरदर्शन आणि संगीत क्षेत्रातल्या व्यावसायिकांसाठी, असं लांबलचक पाटीवर लिहिलेलं. व्यावसायिक त्यात एकच, आमचे सर. मुंबईच्या स्टुडिओत बरीच वर्षं काढून ते गावाकडे परतले होते. बाकी सगळे आम्ही. कॅमेऱ्याच्या वर्गातल्या पोरांना लग्नाच्या शूटिंगची कामं हवी होती आणि अभिनयाच्या वर्गातल्यांना काय हवं होतं, ते त्यांचं त्यांनाही सांगता येत नसे. ध्वनिमुद्रणाला मुलगी मी एकटीच. स्टुडिओ म्हणजे एका खोलीत मधोमध बसवलेली काच आणि भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. ते जवळच्या पोल्ट्रीतून आणलेले. त्यावरून आम्ही सरांची टिंगल करायचो, पण दार लावलं की खालच्या ट्रकचा हॉर्नसुद्धा आत येत नसे. ही नव्वदच्या दशकाच्या शेवटीशेवटीची गोष्ट. मला तेव्हा त्या खोलीइतकं शहाणं दुसरं काही वाटत नव्हतं.

अभ्यासक्रम संपताना प्रत्येकानं एक गाणं ध्वनिमुद्रित करून द्यायचं होतं. मी सुट्टीत आण्याला घरी गेले आणि वडिलांना म्हटलं, तुम्हीच गा. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. शेती सांभाळून ते गायन पार्टी चालवत. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमांना, आसपासच्या गावांत त्यांना बोलावणं असायचं. आपली एक कॅसेट निघावी, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. माझं बोलणं ऐकून ते उठले आणि थेट मामांच्या घरी गेले.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, पार्टीतले ढोलकीवाले. बसायचे कायम दादांच्या डाव्या हाताला. गाणं ऐन रंगात आलं की समोरून कुणीतरी हात वर करायचा, म्हणजे त्याला बक्षीस द्यायचं असे. तो हात आधी मामांना दिसायचा. ते एक तुकडा वाजवून ठेका तोडायचे, दादा थांबायचे, देणाऱ्याचं नाव पुकारून मंडळातर्फे आभार मानायचे. मग मामा थोडा चढा ठेका धरायचे आणि दादा सोडल्या जागेवरून गाणं पुन्हा उचलायचे. एका गाण्यात पाच-सहा वेळा हे व्हायचं, तरी गाणं कधी पडलं नाही. दोघांनी याबद्दल आपसांत कधी चकार शब्द काढला असेल असं मला वाटत नाही.

ठरल्या दिवशी दोघं आळेफाट्याला गाडी बदलून मंचरला आले. दादांनी इस्त्रीचा सदरा घातलेला, मामांच्या काखेत कापडात गुंडाळलेली ढोलकी. सर त्यांच्याशी अदबीनं बोलले, चहा मागवला, पण ढोलकी पाहून त्यांनी मान हलवली. आत माईक एकच, ढोलकीचा आवाज गाण्यात मिसळला की नंतर काही दुरुस्त करता येणार नाही, आणि ती वेगळी घ्यायची तर दुपारी लाईट जायची वेळ झालेली. कीबोर्डवर ठेका तयार होता, तोच वापरू म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी तेच शिकले होते आणि मामांना तेच समजावून सांगितलं. मामा म्हणाले, "व्हय, मशिनीचं मशिनीला ठावं," आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

दादा आत एकटे, कानांवर हेडफोन. पहिलं कडवं त्यांनी सुरेख म्हटलं. दुसऱ्याच्या मध्यावर सरांनी काचेच्या अलीकडून हात वर केला. माईकपासून जरा मागे सरका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. दादा तत्क्षणी थांबले. त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाण्याला बक्षीस दिल्याबद्दल सरांचे आभार मानले. मग त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथं अंड्यांचे ट्रे होते. हेडफोनमध्ये कीबोर्डचा ठेका तसाच पुढे चालला होता, आणि गाणं कुठून उचलायचं ते दादांना कळेना. काचेच्या अलीकडे पोरं हसली. दादांना हसणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. तेही हसले.

सरांनी टेप मागे घेतली. दादा हुशार, तिसऱ्या खेपेला त्यांनी न थांबता गाणं पूर्ण केलं. परतताना एसटीत मामा पुढच्या सीटवर बसले आणि दादा मागे, माझ्याशी बोलत.

सरांनाच ते गाणं इतकं आवडलं, की त्याच ठेक्यांवर त्यांनी दादांची आणखी गाणी घेतली आणि कॅसेट निघाली. आळेफाट्याच्या दुकानात ती काचेत लावलेली पाहून आई रडली. पुढच्या जयंतीला गावातल्या पोरांनी कर्ण्यावर कॅसेटच लावली. पार्टी कशाला बसवायची, आवाज तर तोच आहे, असं त्यांचं म्हणणं. दादा खूश होते. रोज संध्याकाळी टेपरेकॉर्डरसमोर बसून ते स्वतःच्या आवाजाबरोबर गायचे, कुठं श्वास कमी पडतो ते बघायचे. मामा जयंतीला यायचे, मांडवात मागे बसायचे. मला तेव्हा यात काही मोडतंय असं दिसलं नाही. कॅसेट हवी होती, ती मिळाली होती, आणि ती मी मिळवून दिली म्हणून मी भाव खात हिंडत होते.

मग केंद्र बंद पडलं, सर मुंबईला परत गेले, मी पुण्यात वाहिन्यांच्या कार्यक्रमांसाठी ध्वनिमुद्रणाची कामं करू लागले. दोन हजार सालानंतर कधीतरी माझ्याकडे स्वतःचं छोटं यंत्र आलं, दोन चांगले माईक आले. पहिलं मनात आलं ते हे, की आता दोघांना एकत्र घेता येईल. गावी जाऊन मी मामांच्या पाया पडले. ते नको नको म्हणाले, मग उठून त्यांनी ढोलकीची दोरी ताणली.

विहाराच्या ओट्यावर दोघं बसले, पूर्वीसारखेच. दादांनी डोळे मिटून सुरुवात केली. हेडफोन लावल्यामुळे मला ते आधी कळलं. दादा कॅसेटमधल्या कीबोर्डच्या लयीत गात होते, जराही पुढे नाही, जराही मागे नाही. मामांनी ठेका चढवला, दादा चढले नाहीत. मामांनी ओळीच्या शेवटी तुकडा घेतला, तोवर दादा पुढच्या ओळीत गेलेले. मामांनी दोनतीनदा वाट शोधली. मग त्यांनी हात चामड्यावरून उचलून मांडीवर ठेवले आणि गाणं नुसतं ऐकत राहिले. हे यंत्र घेऊन मी आलेच नसते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं आणि अजूनही वाटतं.

शेवटची ओळ संपवून दादांनी डोळे उघडले. चेहरा फुललेला. "बगा पावणं," ते म्हणाले, "इतकी वर्सं झाली, पर आपली जोडी हाय तशीच हाय का न्हाई?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हाय की, दाजी," ते म्हणाले, आणि ढोलकी कापडात बांधू लागले.