कणकीचा नंबर

माझ्या धाकट्या दिराइतका स्पर्धेचा वैरी आख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि दिसेल त्या वस्तूला नंबर देत सुटणारा माणूसही दुसरा मिळायचा नाही. भाऊजी पखवाज वाजवायचे. "भजनाला नंबर देता येत न्हाई, वैनी," हे ते मला माझ्या लग्नापासून ऐकवत आले. पण पंगतीत वरण वाढलं की पहिला घास गिळायच्या आत त्यांचा निकाल तयार. बाजारातले पेरू, गावातले बैल, सोयरिकीला आलेली पोरं, एसटीचे ड्रायव्हर, सगळ्यांचे नंबर त्यांच्या डोक्यात लावलेले असत. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही एवढे नंबर लागत नव्हते. एकदा मयतीहून परत येताना म्हणाले, "रडण्यात धाकटी सून पहिली. लेक दुसरी, तिचं ध्यान दागिन्याकडं व्हतं." माझ्या पिठल्याचा नंबर कायम दुसरा. पहिला त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. सासूबाईंना जाऊन कैक वर्षं झाली, तरी त्यांचा नंबर कोणी घेऊ शकलं नाही. गेलेल्या माणसाशी चुलीपुढं कोण जिंकणार?

पखवाजाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो जाड आवाजात बोलतो. कणीक वाळली की पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं होतं. ही कणीक आधी सासूबाई मळायच्या, त्यांच्यामागं ते काम माझ्याकडं आलं. घरात बायको असून वहिनीची कणीक कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिची पोळीला चांगली हाये." भजनाच्या दिवशी दुपारपासून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. पाणी जास्ती झालं, मीठ घालू नका, अजून चार बुक्क्या द्या. मळून झालं की गोळ्याचा वास घ्यायचे, तो दाबून पाहायचे, कानाजवळसुद्धा न्यायचे. मग ठरलेलं वाक्य, "चालंल. आईच्या कणकीवर पखवाज बोलायचा, तुमच्या कणकीवर वाजतो." मी म्हणायची, "मंग आईलाच बोलवा मळायला." ते गोळा घेऊन चालू लागायचे.

तालुक्याला कुठंही भजन स्पर्धा असली की भाऊजी न चुकता जायचे, पुढच्या रांगेत बसायचे आणि परीक्षकाकडं असं पाहायचे, जसा काही तो त्यांची म्हैस सोडून न्यायला आलाय. "मार्क देणारा माणूस भजन ऐकतच न्हाई," ते म्हणायचे, "तो बेरीज करून राह्यलेला असतो. आन् गाणारा देव सोडून त्याच्या पेनाकडं पाहून राह्यलेला असतो." मला हे कधी पटलं नाही. बाई रोज रांधते तेव्हा कोणी मान वर करून बघत नाही. पाहुणे येणार म्हटलं की त्याच बाईचा हात जपून पडतो, फोडणी जळत नाही. गाणाऱ्याला स्पर्धा म्हणजे पाहुणे. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "पाहुणे जेवतात, वैनी. मार्क देत न्हाईत." "तुम्ही देता की," मी म्हटलं. त्यावर त्यांना एकदम बाजारात जायचं आठवलं.

पुढं आमच्या बायकांच्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला. पेटी दम लागलेल्या माणसासारखी नुसते सुस्कारे टाकायची. सूर धरायला काही नाही म्हणून बायका एकेक करून यायच्या बंद झाल्या. नवी पेटी आली नाही तर मंडळ मोडणार हे स्पष्ट दिसत होतं, आणि आम्हाला तेवढी एकच जागा होती जिथं कोणी चहा मागत नव्हतं. तेवढ्यात मंठ्याला महिला भजन स्पर्धा ठरली. पहिलं बक्षीस, नवी पेटी. पखवाज वाजवणारे आमच्याकडं भाऊजी एकटेच. मी सरळ सांगितलं, "वाजवायचं असंल तर वाजवा, न्हाईतर उद्यापासून कणीक बंद." ते रुसून शेतात जाऊन बसले, भूक लागल्यावर परत आले आणि तयार झाले. अट एकच, परीक्षकाकडं पाठ करून बसणार.

स्पर्धा भर दुपारची, वर पत्रे, ऊन मरणाचं. मी कणकीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात नेला होता. आमच्या आधी परतूरकडचं मंडळ गायला बसलं. गळे चांगले होते, पण उन्हानं त्यांच्या पखवाजाची कणीक वाळली आणि ऐन गजरात तिचा टवका निघून स्टेजवर पडला. पखवाज पत्र्यासारखा वाजायला लागला. मला बरंच वाटलं. भाऊजी मात्र विंचू चावल्यासारखे तळमळायला लागले. मी म्हटलं, "बसा गप." ते उठले, माझ्या मांडीवरचा डबा उचलला, सरळ स्टेजवर चढले आणि गाणं चालू असतानाच त्यांच्या पखवाजाला आमची कणीक थापून मोकळे झाले. वर वाजवणाऱ्या बाईला "हां, आता येऊ दे" म्हणून तिथंच मांडी घालून बसले. मंडप दणाणला. आमची पाळी आली तेव्हा डब्यात सुपारीएवढी कणीक उरली होती. भाऊजी परीक्षकाकडं पाठ करून जीव तोडून वाजवत होते, पण पखवाज काही बोलेना. आम्ही दुसऱ्या आलो. पेटी परतूरकडं गेली.

 परत येताना टेम्पोत मी म्हटलं, "आपली पेटी घालवली तुम्ही." म्हणाले, "बेसूर वाजून राह्यलं व्हतं, वैनी. मी काय कानात बोळे घालू?" उतरताना टेम्पोवाल्याला तेवढा तिसरा नंबर दिला.

पुढच्याच आठवड्यात परतूरच्या बायका त्यांची जुनी पेटी घेऊन आमच्या दारात आल्या. नवी मिळाल्यावर जुनी त्यांना नको होती, आणि कणीक कोणाची लागली हे त्या विसरल्या नव्हत्या. त्या पेटीची एक पट्टी उठत नाही, तेवढा सूर आम्ही गळ्यानं भरतो. मंडळ टिकलं. भाऊजी गावभर सांगत फिरले, "पाह्यलं? बिना नंबराची पेटी आली." स्पर्धेला गेलो नसतो तर कणीक कोणाला लावली असती, हे विचारायचं मी सोडून दिलं.

जाऊबाई वारल्यावर भाऊजींना त्यांचा मुलगा पुण्याला घेऊन गेला. तिथं पखवाजावर थाप पडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात, पण ऐकायला नाही. पखवाज गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवलाय. इथं आता माझी सून वाजवते, त्यांनीच शिकवलेली. यंदा आम्ही परत मंठ्याला गेलो आणि परत दुसऱ्या आलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजींचा फोन.

"कितवा नंबर?"

"दुसरा."

"दुसरा? परीक्षक बहिरा व्हता काय?" लगेच पुढं, "कणीक कोणी मळल्ती?"

"मीच. दुसरं कोण मळणार?"

पलीकडं दार सरकल्याचा आवाज आला, मग गाड्यांचा. 

"वैनी," ते म्हणाले, "तुमच्या कणकीचा नंबर आईच्या वरचा हाये. तिकडं असतानाच सांगायचा व्हता. राहून गेलं."

"कणकीला नंबर देता येत न्हाई, भाऊजी," मी म्हटलं आणि फोन ठेवला. परातीला कालची कणीक वाळून चिकटली होती. ती नखानं खरवडत बसले.