पोपटी रंगाखालची अक्षरं

आमच्याकडे घर उगाच रंगवत नाहीत. घरात लग्न निघालं की रंग निघतो, आणि रंग वाळला की पेंटर दाराच्या वर नवरा-नवरीची नावं लिहितो. वर गणपती, त्याखाली 'शुभविवाह', त्याखाली ती दोघं. पुढचं लग्न होईपर्यंत नावं तशीच राहतात. बेलापूरच्या आसपास कुठल्याही वस्तीवर जा, घरातलं शेवटचं लग्न कुणाचं झालं हे विचारावं लागत नाही.

धाकट्या बहिणीच्या लग्नात रंगाचं काम माझ्याकडे होतं. मी संगमनेरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, त्यामुळे मला रंगातलं कळतं असा घरच्यांचा समज आहे. मी तो कधी खोडून काढला नाही. भिंतीला बदामी डिस्टेंपर दिला, पण नावं ऑइल पेंटनंच लिहायची असं पेंटरला बजावलं. शेजाऱ्यांकडची नावं दोन पावसाळ्यांत पुसट झाली होती आणि मला ते गबाळं वाटायचं. पेंटरनं लालभडक अक्षरं काढली आणि शिडीवरून उतरून म्हणाला, "सर, आता धा वर्सं हलत न्हाई." मी खूश झालो.

बहीण दीड वर्षात परत आली. का आली ते तिने आईला सांगितलं, आईने आप्पांना सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. पुढे कोर्टातून फारकत झाली. तिने पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं आणि ब्लाऊज शिवायला घेतले. हात चांगला आहे तिचा. लग्नसराईत श्रीरामपूरहूनही बायका येऊ लागल्या.

गेल्या उन्हाळ्यात मी घरी गेलो होतो, तेव्हा जेवताना ती म्हणाली, "पुढच्या भिंतीला रंग द्यायचाय."

आप्पा म्हणाले, "लग्न न्हाई, कार्य न्हाई, रंग कसला?"

मी आपला मधला मार्ग काढला. म्हटलं, दिवाळीला बघू, भिंत तर चांगली आहे अजून.

"तू म्हैन्यातनं एकदा बघतो, दादा," ती म्हणाली. "मी रोज त्याच्याखालनं ये-जा करती. नवऱ्या मुली ब्लाऊज टाकायला येत्यात, पायरीवर चपला काढता काढता वर वाचत्यात. मग आत येऊन मापं देताना माझ्याकडं बघत न्हाईत."

हे तिने भाजी वाढावी इतक्या सरळपणे सांगितलं. चार वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर करत होतो आणि मला ती नावं एकदाही दिसली नव्हती. आप्पा ताटावरून उठले, पण नाही म्हणाले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ होकार.

रंग तिनेच ठरवला. कुणाच्या तरी ब्लाऊजचं उरलेलं बोटभर कापड घेऊन आम्ही श्रीरामपूरला दुकानात गेलो. झगझगीत पोपटी, पिवळ्याकडे झुकलेला, कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्यासारखा. दुकानदाराने मशिनवर तसाच रंग काढून दिला. डबा उघडून बघितल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "ह्यो काय घराचा रंग हाय?"

पेंटर तोच आला. त्याने भिंतीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "सर, पोपटी लई पातळ पडतो. खालचं झाकनार न्हाई. चॉकलेटी घ्या, एका हातात काम होतंय." मी बहिणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पोपटीच."

शिडी लागली तसे रस्त्याने जाणारे थांबून विचारू लागले, "काय आप्पा, कुणाचं जमलं?" दोनदा उत्तर द्यायची वेळ आल्यावर आप्पा कांद्याच्या चाळीकडे निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

पहिला हात मारला, तर नावं आरपार. वाळू दिलं, दुसरा हात मारला. आता लाल जाऊन ती विटकरी दिसू लागली, आणि भोवतीच्या पोपटी रंगामुळे पूर्वीपेक्षा लांबून वाचता येऊ लागली. पेंटर माझ्याकडे बघत होता. मग मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, दाराच्या वर तेवढा चॉकलेटी पट्टा मारू, बाकी भिंत पोपटी राहू दे. दिसायलाही बरं दिसेल.

बहीण मशिनवरून उठून बाहेर आली. "मला झाकायचं न्हाई, दादा," ती म्हणाली. "मला काढायचंय. झाकायचंच असतं तर चॉकलेटी घेतला नसता का मी?"

पोपटीखाली ते झाकलं जाणार नाही, म्हणूनच तिने तो निवडला होता. रंगातलं कळणारा मी, मला ते कळलं नव्हतं.

पेंटरने खरवडायचा पत्रा काढला. तो मीच घेतला आणि शिडीवर चढलो. ऑइल पेंट उत्तम प्रतीचा होता, मी खास सांगून आणवला होता. एकेका अक्षराला पाच-पाच मिनिटं लागत होती. त्याचं नाव काढताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिच्या नावापाशी आल्यावर मात्र पत्रा खाली घेतला. ती खालून म्हणाली, "ते पण. तिथं आडनाव त्याचंच हाय." मग तेही काढलं आणि 'शुभविवाह'ही. गणपती तेवढा ठेवला. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, आणि दुसऱ्या दिवशी पेंटरने दोन हात मारले. गणपती सोडला तर भिंत कोरी झाली. इतकी पोपटी होती की बघताना डोळे बारीक करावे लागत होते.

ब्रश धुवायच्या आधी पेंटरने रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय लिव्हायचं का वर?" आई पदराला हात पुसत उभी होती. बहीण म्हणाली, "काय नको."

आप्पा ओट्यावर बसले होते. दोन दिवसांत ते त्या भिंतीकडे तोंड करून बसले नव्हते, ते आता वळले.

"लिव्ह," ते म्हणाले. "हितं ब्लाऊज शिवून मिळतील. खाली हिचं नाव."

"आडनाव, आप्पा?" पेंटरने विचारलं.

"नुसतं नाव."

पेंटरने साध्या रंगाची डबी उघडली. आप्पांनी ती हाताने बाजूला सारली.

"ऑइल पेंटनं लिव्ह," ते म्हणाले. "टिकलं पायजे."