वर्षाली आणि कुलदीपचं कार्ड

वर्षालीला राग यायला कारण लागत नाही, असं तिच्या लाइनवरच्या बायका म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण प्रत्येक वेळी असतं. बाकीच्यांनी ते मुकाट्यानं गिळलेलं असतं आणि हिच्या घशाखाली उतरत नाही, एवढाच फरक.

चाकणच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या तपासते. लाइनचं शेवटचं टेबल तिचं. सकाळची शिफ्ट असली की पाचच्या आत कासारवाडीच्या स्टेशनाबाहेर कंपनीच्या बससाठी उभं राहायचं, आणि दुपारी परत यायचं ते कानात मशीनचा आवाज घेऊनच. आईवडील केजकडचे. वर्षाली दुसरीत असताना वडील, उद्धवराव, बायकोला म्हणजे कुसुमताईंना आणि पोरीला घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. पोरीनं निगडीत आयटीआय केलं, इलेक्ट्रॉनिक्सचं. वर्गात मुली तीनच होत्या. मास्तर मुलांना सोल्डरिंगला बसवायचे आणि मुलींना वह्या नीट ठेवायला सांगायचे. तिथूनच तिच्या नाकावर राग बसला तो बसलाच.

कंपनीत खराब माल परत आला की एक कागद भरावा लागतो. त्याला सगळे 'व्हाय-व्हाय' म्हणतात. चूक का झाली ते लिहायचं, मग त्या कारणाचं कारण, असं पाच वेळा 'का' विचारत खाली उतरायचं, म्हणजे तळाशी खरी गोम सापडते. कागद उत्तम आहे. भरणारे कामचुकार आहेत. सुपरवायझर पाचव्या रकान्यात डोळे मिटून 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' असं लिहितो आणि चहाला निघून जातो. वर्षालीसमोर असा कागद सहीला आला तेव्हा तिनं तो तिथल्या तिथे परत सरकवला. "टेबलावरचा दिवा आठ दिवस बंद आहे. लाल वायर कुठली नि तपकिरी कुठली, दिसत नाही. दुर्लक्ष कुणाचं झालं, साहेब?" दुसऱ्या दिवशी दिवा लागला. त्या वर्षी तिची पगारवाढ मात्र लाइनवर सगळ्यात कमी होती.

अशी ही मुलगी संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर गोळीबाराचा गेम खेळते. नवल वाटायचं कारण नाही, दिवसभर ज्यांच्यावर गोळ्या झाडता येत नाहीत त्यांची यादी मोठी आहे. कॉम्प्युटर तिनं स्वतः जमवला. एका ऑफिसानं मोडीत काढलेला डबा आणला, मग दिवाळीचा बोनस येईल तसा एकेक भाग घातला. गेम पाच जणांच्या टीमनं खेळायचा. त्यांच्या टीमचं नाव 'दिघी बॉइज'. पाचात दोन मुली, वर्षाली आणि निगडीची प्राजक्ता, तरी नाव बॉइज. ते बदलायचं वर्षालीनं दोनदा सुचवलं. कॅप्टन कुलदीप म्हणाला, "नावात काय ठेवलंय, राव?" काही ठेवलं नव्हतं तर बदलायला काय झालं होतं, हे त्यानं सांगितलं नाही. उरलेले दोघे सख्खे भाऊ होते आणि कुलदीप म्हणेल तिथे मान हलवायचे.

यंदा या टीमनं एका स्पर्धेत नाव घातलं होतं. पहिल्या फेऱ्या घरून खेळायच्या आणि अंतिम फेरी निगडीच्या एका सभागृहात, स्टेजवर, लोकांसमोर. वर्षालीला त्या स्टेजवर बसायचं होतं. बक्षिसाचं तिला फारसं पडलं नव्हतं. आयुष्यात एकदा तरी आपण जे चांगलं करतो ते चार लोकांनी बघावं, एवढीच तिची हाव होती, आणि ती मोठी होती. टीमची मागची बाजू ती एकटी सांभाळायची आणि फार चांगली सांभाळायची.

आणि नेमका तेव्हाच तिचा कॉम्प्युटर अडखळायला लागला. गेमची नवी आवृत्ती आल्यापासून एकटी फिरत असली की चित्र लोण्यासारखं चालायचं, पण पाच-सहा जण समोर आले, धूर झाला, की सगळं गच्च थांबायचं. दोन सेकंदांनी चित्र हलायचं तेव्हा ही मरून पडलेली.

"तुझं ग्राफिक कार्ड संपलंय," कुलदीपनं निदान केलं. मशीन बघितली नव्हती, दिघीत बसून केलं. "माझं जुनं आहे, ते घे. बाहेर अठराला जातं, तुला चौदा. पंधरा दिवसांत फेऱ्या सुरू होतायत. तोवर मशीन नीट नाही झाली तर मला दुसरा प्लेअर बघावा लागेल. पर्सनल घेऊ नकोस, टीमचा प्रश्न आहे."

वर्षालीनं दातओठ खाल्ले, पण उलट बोलली नाही. जागा जाईल ही भीती होती. ती तशीच चिंचवडला सुजितच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

"दादांचं बजेट किती आहे?" सुजितनं विचारलं.

"कुठले दादा?"

"म्हणजे, ज्यांच्यासाठी घ्यायचंय ते."

"माझ्यासाठी घ्यायचंय. मी खेळते."

सुजितनं 'अरे वा' म्हटलं आणि रंगीत दिव्यांचे पंखे दाखवायला घेतले. हे बसवा ताई, अंधारात काय भारी दिसतं. तिनं अडखळण्याचं सगळं वर्णन सांगितलं तेव्हा तो अर्धं ऐकत होता. "कार्डच टाका. सगळे कार्डच टाकतात," तो म्हणाला. "पण मग ह्या पॉवर सप्लायवर ते ओढणार नाही, तोही बदलावा लागेल."

सगळे टाकतात! बसमध्ये बसेपर्यंत तिची तळपायाची आग मस्तकात गेली होती. लाइन थांबली की सगळे शेवटच्या टेबलाकडे बघून ओरडतात, कारण माल तिथून बाहेर पडताना दिसतो. तिच्याच नावानं ओरडतात. ढीग साचलेला असतो तीन नंबरच्या टेबलाला, आणि तिकडे मान वळवायचे कष्ट कुणी घेत नाही. तिच्या कॉम्प्युटरचंही शेवटचं टेबल ग्राफिक कार्डच होतं. चित्र तिथून बाहेर पडतं, म्हणून शिव्या त्यालाच.

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी असते. त्या गुरुवारी तिनं कॉम्प्युटरवर व्हाय-व्हाय करायला घेतलं. वही, पेन, मोबाइलवरचं घड्याळ. आधी तिनं गेममधल्या चित्राचा दर्जा अगदी तळाला आणला. झाडं पुठ्ठ्याची दिसायला लागली, माणसांचे चेहरे गायब. कार्ड थकलं असेल तर एवढं ओझं उतरल्यावर ते पळायला हवं होतं. पण गेम पहिल्याइतकाच अडकला, त्याच जागी, तितकाच वेळ. मग तिनं कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारा तक्ता उघडून बाजूला ठेवला आणि पुन्हा खेळली. कार्ड अर्ध्यावर आरामात. प्रोसेसरलाही घाम नाही. मेमरी मात्र काठोकाठ भरलेली, आणि ती भरली रे भरली की जुनी हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर जाऊन घरघर करायची.

मग तिला उमगलं. ओट्यावर जागा उरली नाही की बाई डबा माळ्यावर टाकते, आणि तोच डबा लागला की स्टुलावर चढून काढते. तिचा कॉम्प्युटर ऐन लढाईत स्टुलावर चढत होता. कार्ड बिचारं खाली हात पसरून उभं होतं.

"कामून एवढं लिहितीस गं? परीक्षा हाय का?" कुसुमताईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

"हो. आणि पेपर काढणाराच नापास झालाय."

संध्याकाळी ती परत चिंचवडला जाऊन मेमरीची एक पट्टी घेऊन आली, आधीच्या पट्टीला जोड, तेवढ्याच क्षमतेची. कुलदीपच्या कार्डाच्या पाचव्या हिश्श्याइतकी किंमत. "एवढंच?" सुजितनं विचारलं. "एवढंच," ती म्हणाली आणि पंख्यांकडे पाठ फिरवली. घरी येऊन तिनं वायर काढली, लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली वीज घालवली, डबा उघडला, पट्टी दाबली. दोन्ही कडांना खटका लागला. गेम सुरू करून ती मुद्दाम गर्दीत घुसली. सहा जण, धूर, स्फोट. कुठेही काहीही थांबलं नाही. वर्षाली एवढ्या जोरात ओरडली की कुसुमताई लाटणं घेऊनच बाहेर धावल्या.

शनिवारच्या सरावात तिनं दोन्ही डाव जवळपास एकटीनं ओढले. भाऊ 'कडक, कडक' म्हणत राहिले. कुलदीपनं विचारलं, "मग कार्ड कधी नेतेस?"

"लागणार नाही. मेमरी कमी पडत होती. टाकली, आता पळतंय."

"आज पळालं गं," कुलदीप म्हणाला. "मॅचमध्ये दगा दिला तर?"

तिनं वहीतल्या आकड्यांचे फोटो ग्रुपवर टाकले. "आकडे कंपनीत दाखव," तो म्हणाला. "मला अनुभव आहे."

सोमवारी बसमध्ये तिनं फोन उघडला तर ग्रुपवर रात्रीच स्पर्धेची टीम आलेली होती. चार नावं नेहमीची. पाचवं ऋतिक. हा ऋतिक कोण, कसा खेळतो, कुणाला ठाऊक नव्हतं. खाली त्याचाच मेसेज होता. 'थँक्स कुलदीपभाऊ, कार्ड एकदम मक्खन चालतंय.'

त्या दिवशी लाइनवर तिच्या जवळ कुणी फिरकलं नाही. संध्याकाळी टीम सरावासाठी एकत्र आली तशी तीही न बोलावता कॉलवर आली.

"मला काढलं. का?" तिनंच विचारलं आणि तिनंच उत्तर दिलं. "म्हणे माझी मशीन अडकते. मशीन नीट झाली, तरी काढलं. का? कारण मी कार्ड घेतलं नाही. कार्डच का घ्यायचं होतं? कारण कुलदीपला ते विकायचं होतं. का विकायचं होतं? त्याला स्वतःला नवीन घ्यायचंय. आणि ते आपल्याच गळ्यात का मारायचं? कारण आपण जागेसाठी काहीही घेऊ, हे ह्याला चांगलं माहीत आहे. झाले पाच. आता कुणाला काही बोलायचंय?"

"तू जास्त बोलतेयस," कुलदीप म्हणाला.

"जास्त नाही, उशिरा बोलतेय. तू कॅप्टन नाहीस, दुकानदार आहेस. सुजित परवडला, तो निदान दुकान उघडून बसलाय."

कुलदीपनं कॉल सोडला. भाऊही एकामागोमाग निघून गेले. ऋतिक तर बिचारा आलाच नव्हता. खरं सांगायचं तर वर्षालीला बरं वाटत होतं. स्टेज गेलं होतं, पण त्या माणसाला तोंडावर ऐकवलं होतं.

मग फोन वाजला. प्राजक्ता होती.

"बरोबर बोललीस," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मी त्याचं कार्ड घेतलं. तेराला. माझंही असंच अडकायचं."

"मग फरक पडला?"

"नाही. अजून अडकतं. मी सांगत नाही, एवढंच."

वर्षालीचा संताप पुन्हा उसळला. "वर्षभर गप्प बसलीस? कुणाला तरी बोलायचं की गं! मला बोलायचंस!"

"तुलाच बोलले होते," प्राजक्ता म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "तेव्हा तुला फोन केला होता. म्हटलं, तू आयटीआयवाली, तुला कळतं. खरंच कार्डच गेलं असेल का गं, बघतेस का जरा? तू म्हणालीस, कुलदीप सांगतोय तर घेऊन टाक ना, तुझ्यामुळे आम्ही सगळे रोज मरतोय."

वर्षालीला आठवेना. मग आठवलं. ती बसमध्ये होती, दमलेली होती, आदल्या दिवशी प्राजक्तामुळे डाव हरले होते. मशीन बघायला निगडीला जायचा कंटाळा आला होता. कुलदीपच्या बोलण्यावर तिनं तेव्हा एकदाही 'का' विचारलं नव्हतं, कारण मशीन दुसरीची होती.

"ते तेरा हजार मी बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते," प्राजक्ता म्हणाली. "ऑपरेशन सहा महिने पुढे गेलं. तू रागावतेस तेव्हा मला छान वाटतं गं, पण तू फक्त स्वतःसाठी रागावतेस."

"गुरुवारी येते मी," वर्षाली कशीबशी म्हणाली. "मशीन उघडून बघते. पट्टी मीच आणते."

"ये. पण मशीन राहू दे जरा. आधी माझं ऐकून घे."

"बोल," वर्षाली म्हणाली.

प्राजक्ताकडे बोलायला वर्षभराचं साठलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य वर्षालीला खोडता आलं नाही.