लोटनभाऊंचा घड्यांचा ट्वीटर

धुळ्यात, देवपूरला, लोटनभाऊंचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. त्या काळी, म्हणजे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साली, आमच्या खानदेशात लग्नाचा थाट भोंग्यावर ठरे. शेजारच्या गावची म्हैस बुजली, की लग्न जोरात झालं! भोंगा काय बोलतो हे कुणालाच कळत नसे आणि कळावं अशी कुणाची इच्छाही नसे.

लोटनभाऊंना मात्र कळायला हवं होतं. रद्दीत त्यांना एक परदेशी मासिक सापडलं. इंग्रजी येत नसल्यामुळे शंका उरल्याच नाहीत. नुसती चित्रं बघून त्यांनी ट्वीटर, म्हणजे स्पीकरचा बारीक आवाज काढणारा भाग, घरीच बनवायला घेतला. पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर अ‍ॅल्युमिनियमची नागमोडी पट्टी चिकटवायची, पडद्याला पेटीच्या भात्यासारख्या घड्या घालायच्या आणि मोडक्या स्पीकरांच्या चुंबकांमध्ये तो बसवायचा. गाणं लागलं की घड्या उघडमीट करतात आणि आवाज हवेसकट बाहेर येतो.

पण भाऊंची बोटं म्हणजे जळगावच्या केळ्यांचा फणा. सात पडदे फाटले. शेवटी त्यांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, विणकामाच्या दोन सुया घेतल्या आणि लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशा घड्या घालून दिल्या. वर बजावलं, "एका लग्नात वाजवून दाखवा. लोक नाही म्हणाले तर हे खूळ बंद. मग गुमान भोंगे लावायचे."

लग्न ठरलं पारोळ्याला, चिंधा नानांच्या मुलीचं. मांडवात ट्वीटर बसवलेली दोन लाकडी खोकी बघून नानांचा चेहरा उतरला. "लोटन, भोंगा कोठे शे?"

"नाना, आज बठ्ठं ऐकू येईल."

सगळं ऐकू आलं की! जेवणं सुरू झाली आणि नवरीकडच्या बायकांनी रीतीप्रमाणे माईकवर विहिणीला चिडवायची गाणी धरली. ही गाणी वर्षानुवर्षं चालत होती आणि सोयरिकी टिकून होत्या, त्याचं सारं श्रेय भोंग्याला. आज मात्र अक्षर न् अक्षर वाटाण्यासारखं टपटप पडू लागलं:

"नवरदेवनी माय सजनी, नथ शेजारीननी मांगी आननी!"

पंचाईत अशी, की नथ खरोखरच शेजारणीची होती. नवरदेवाच्या आईनं, भिकूबाईंनी, हातातला घास ताटात ठेवला. अख्ख्या पंगतीचे भुरके थांबले. चिंधा नाना धावत आले.

"बंद कर तुन्हं हाई डबडं! पोरगीनं लगीन मोडशी का?"

लोटनभाऊंचा हात बटणावर गेला. दोन वर्षांची मेहनत त्या बोटाखाली होती. मांडवाच्या खांबाशी शेवंताबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या.

"बंद करू नको!" भिकूबाई हात न धुताच उठल्या. "माईक आठे आन!"

आणि त्यांनी खणखणीत आवाज लावला:

"नथ मनी मांगेल शे, मामाना कोट भाडाना शे!"

नवरीचा मामा धुळ्याहून भाड्यानं आणलेल्या कोटासकट पंगतीमागे दडला. आधी हसल्या त्या नवरीकडच्याच बायका. मग पुढचा तासभर माईक या विहिणीकडून त्या विहिणीकडे फिरत राहिला. बासुंदी गार झाली, पण कुणी हललं नाही. भिकूबाईंनी निघताना धाकट्या लेकाच्या लग्नाची सुपारी लोटनभाऊंच्या हातात ठेवली.

पुढं चांगली दहा वर्षं पुरुषमंडळी भाऊंकडे येऊन भोंगा ठरवून जात, आणि मागाहून त्यांच्या बायका येऊन तो बदलून खोकी सांगून जात. लग्नसराई जवळ आली, की शेवंताबाई पंखा बंद करून आतल्या खोलीत घड्या घालायला बसत. लोटनभाऊ कौतुकानं जवळ वाकले, की ओरडत, "लांब व्हा! तुमच्या श्वासानं पडदा उडतो."

भाऊ तिथंच, नाक धरून, बसून राहत.