दोरीला दाखवलेलं ऊन

ती पिवळी दोरी मी घरी आणलीच नसती तर बरं झालं असतं. जिल्ह्यातल्या एका सहकारी सूतगिरणीत मी केमिस्ट होतो. दुष्काळात कापूसच आला नाही, गिरणीला कुलूप लागलं, आणि कुठल्याशा कंपनीनं नमुन्याला पाठवलेलं अरामिड नावाच्या कृत्रिम धाग्याच्या दोरीचं बंडल काखोटीला मारून मी गावी आलो. फुशारकी, दुसरं काय!

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. गावच्या पाणी सोसायटीच्या बोअरवर ते पंप चालवायचे. आमच्या बौद्धवाड्यातून सोसायटीच्या पगारावर लागलेला पहिला माणूस. सगळं गाव त्या बोअरचं पाणी प्यायचं, आणि दादांना त्याचा लई अभिमान.

बोअरमध्ये पंप सोडायची जुनी दोरी कुजली होती. मी म्हणालो, "ही घ्या दादा. वजनाला वजन लावलं तर पोलादाच्या पाचपट ताकद."

"इतकुशी तर हाय रं," ते हसले.

मग माझी मास्तरकी सुरू झाली. नायलॉनचे रेणू वाकतात, वळतात. याचे बेन्झीनच्या कड्यांमुळं ताठ, मोळीतल्या उसांसारखे एकाला एक लागून, हायड्रोजन बंधांनी आवळलेले. ताणली तर लांबत नाही, आगीत वितळत नाही, विरघळवायला जळजळीत गंधकाम्लच लागतं. दादा जिवाचा कान करून ऐकत होते. बंडलासोबतच्या कागदावर आणखी एक ओळ होती: उन्हापासून जपा. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेणूंमधले अमाइड बंध तुटतात. मी ती वाचली होती. सांगितली नाही. गुणगान चालू असताना खोट कोण सांगतो!

त्याच उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं आणि मोटर जळाली. केजहून ती नवी तार गुंडाळून, भरून यायला, बोअर आणखी खोल मारायला दोन महिने गेले. तोवर दादांनी दोरी सोसायटीच्या पत्र्यावर पसरली. गोधडी, धान्य, दोर, आमच्याकडं सगळ्याला ऊन दाखवतात, नाहीतर बुरशी धरते. रोज शिडी चढून ते दोरी उलटवायचे, दोन्ही अंगांनी ऊन लागावं म्हणून. मी तेव्हा नोकरीसाठी वणवण फिरत होतो.

पंप सोडायच्या दिवशी घागरी घेऊन अख्खं गाव जमलं. पंप निम्म्यात गेला आणि दोरी एकाएकी सैल पडली. खालून धडधड आवाज आला. पंप तळाशी असा अडकला की कशानंच निघेना. बायका तिथंच मटकन खाली बसल्या.

मी दोरीचं टोक ओढून घेतलं. तपकिरी पडलेलं, नखानं ओढलं की धागे तुटत होते. कागदावरची ती उन्हाची ओळ आठवली. तेवढ्यात चेअरमन ओरडले, "गाठ कुणी मारल्ती बे?"

"म्या," दादा म्हणाले.

"मग सुटली ना! येवढं बी जमंना तुला?"

गाठ पंपासोबत खाली गेलेली, बघणार कोण? मी तोंड उघडलं असतं तर शिकलेल्या पोराची अक्कल निघाली असती. मी दोरी गुंडाळली आणि गुपचूप घरी नेली. हलकट! दुसरा शब्द नाही मला. दादांना सोसायटीतून काढलं. गावानं दोन कोसांवरून पाणी वाहिलं आणि येता-जाता दादांना शिव्या घातल्या.

आधी ते छाती ठोकून सांगायचे, "गाठ पक्की व्हती." मग सांगणं कमी झालं. शेवटच्या आजारपणात मला जवळ बोलावून म्हणाले, "ढिलीच राह्यली असंल रं गाठ. गावाचं पाणी म्या घालवलं."

मी त्यांचे पाय चेपत होतो. म्हणालो, "असंल, दादा."