भट्टीवरचं श्रमदान

आम्ही दगड उचलत होतो तोवर आमच्या तरुण मंडळाचं गावाला भारी कौतुक होतं. मुरबाडहून दोन कोस आत आमचं भाताचं गाव. स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली होती आणि श्रमदान हा शब्द अजून नवा होता. दर रविवारी आम्ही वीस-बावीस जण कुदळी घेऊन निघायचो. एष्टीच्या फाट्यापर्यंतचा रस्ता आम्ही केला, विहिरीतला गाळ आम्ही काढला. म्हातारे ओट्यावर बसून शाबासकी द्यायचे. द्यायला त्यांचं काय जात होतं!

मग आम्ही नाल्यापलीकडच्या कातकरवाडीत मुलांसाठी वर्ग काढायचं ठरवलं. तिथलं एकही मूल शाळेत जात नव्हतं. गावाचं तोंड एका दिवसात कडू झालं. माझे वडील शाळेच्या समितीवर होते. ते सगळ्यांदेखत मला म्हणाले, "त्यांची पोरां शिकली तर आपल्या आवणीला, भात लावायला कोन येल? तुमी?"

"येऊ की," मी म्हणालो. या उत्तरापायी दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आम्ही कारवीच्या कुडाचा मांडव घातला, पाट्या आणल्या आणि मुहूर्त बघून दसऱ्याला वर्ग सुरू केला. अठरा मुलं आली. त्यांत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. एकदा दाखवलेलं अक्षर ती दुसऱ्यांदा विचारत नसे. तिच्या आईने पहिल्याच दिवशी मला बजावलं, "दादा, हिला गावाच्या शालेत बसवायची. मांडवात नाय." मी शब्द दिला आणि गावच्या मास्तरांना जाऊन भेटलो. माणूस भला, पण समितीला भिणारा. म्हणाले, "जूनमध्ये तिला समितीपुढे वाचून दाखवू दे, दुसरीत घेतो."

दिवाळी झाली, आम्ही वाडीवर गेलो, तर वाडी रिकामी. झोपड्यांच्या दारांना आडवी लाकडं लावलेली. एक म्हातारी तेवढी मागे राहिली होती.

"सगली कोलशाच्या भट्ट्यांवर गेली," ती म्हणाली. "पावसाच्या तोंडाला येतील. दर सालचाच हाय. तुमाला ठावं नाय?"

नव्हतं ठाऊक. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर जन्म काढला, आणि दिवाळीनंतर ही माणसं असतात कुठे, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. आवणीला ती लागत, म्हणून आवणीला ती दिसत. एरवी कोण बघतो! मुहूर्त काढणाऱ्या आम्हा शहाण्यांची मला अजून लाज वाटते.

"शाला पलाली!" म्हणून गाव हसलं, आणि त्या हसण्यानेच आमचं डोकं फिरलं. भाताची झोडणी आटोपली होती, शेतात काम उरलं नव्हतं. दोघादोघांनी आठ-आठ दिवस भट्टीवर जायचं ठरलं. भट्टी तानसा तलावाच्या बाजूच्या जंगलात होती. शहापूरपर्यंत एष्टी, पुढे पायी. पहिली पाळी माझी होती.

भट्टीच्या मुकादमाने वाटेतच अडवलं. "हितं काम चालतं, शाला नाय. पोरां लाकडां वाहतात. ती कोन वाहील?"

"आमी," माझा जोडीदार म्हणाला आणि त्याने सदरा काढला.

मग तसंच चालू झालं. एकाने मुलांच्या वाटची लाकडं वाहायची, दुसऱ्याने शिकवायचं, दुपारी बदली. पाट्या आठवड्यात फुटल्या. पुस्तक एकच होतं, त्याचीही पानं सुटली. शेवटी आम्ही कातळावर कोळशाने लिहू लागलो. पाळीपाळीने येणाऱ्या प्रत्येकाच्या अक्षराचं वळण त्या मुलीने ओळखीचं करून घेतलं. माझं किरटं अक्षर बघून म्हणायची, "दादा, ह्या उंदरान् कुरतडलाय." तरी वाचायची.

बातमी गावात पोचलीच. आमची पोरं कातकऱ्यांची लाकडं वाहतात, म्हणून बोंब झाली. पाळी संपवून घरी आलो तेव्हा वडिलांनी मला अंगणातच उभं केलं.

"तिथं जेवलास?"

"जेवलो."

"त्यांच्या हातचा?"

"मग काय लाकडं खाऊ?"

त्या दिवसापासून माझं पान पडवीत मांडलं जाऊ लागलं. मी दोन घास जास्तच खाल्ले.

जूनमध्ये समिती शाळेच्या ओट्यावर बसली. मुलीची आई खाली अंगणात उभी राहिली, पायरीपाशीसुद्धा आली नाही. मुलीने ओट्यावर चढून पुस्तकातला धडा वाचला. वडील म्हणाले, "छापील कोन पन पाठ करील." त्यांनी मास्तरांपुढचा दुसरीचा हजेरीपट उचलला आणि तिच्यासमोर ठेवला. "ह्या वाच."

हाताचं अक्षर तिला जमायचं नाही, असा त्यांचा कयास. ती हाताच्या अक्षरावरच शिकली होती, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! पण मास्तरांचं अक्षर फार बारीक होतं. इथे ती अडखळली असती तर वाडीतल्या कुठल्याच मुलाला पुन्हा कोणी त्या ओट्यावर चढू दिलं नसतं.

ती वाचू लागली. एकेक नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. ज्या घरांच्या अंगणात तिच्या आईला लांबूनच बोलावं लागे, त्या घरांची नावं ती मोठ्याने, रावबिव न लावता घेत होती. माझ्या धाकट्या भावाचं नाव आलं, त्याला जोडून वडिलांचं. तिने तेही तसंच घेतलं. वडिलांचे कान लाल झाले. वाच म्हणून त्यांनीच सांगितलं होतं, आता थांब कसं म्हणणार?

शेवटच्या नावावरून तिने बोट खालच्या कोऱ्या ओळीवर आणलं आणि मास्तरांकडे पाहिलं.

"नि माझा नाव?"

मास्तरांनी वडिलांकडे पाहिलं. मी ओट्यावर चढलो आणि दौत मास्तरांपुढे सरकवली. त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं. शाई वाळेपर्यंत ती मुलगी तिथून हलली नाही.