दगडातलं उपरं बोट

संग्रहालयाच्या तळघरात सुईकाका गेली एकतीस वर्षं एकच काम करत होते. भिंगाखाली दगड ठेवायचा आणि त्यात अडकलेला जीवाश्म सुईनं कणाकणानं मोकळा करायचा. दिवसभर मान मोडून बसलं की संध्याकाळी चमचाभर भुकटी जमायची. "पृथ्वी माझ्या वेगानं चालली असती," ते म्हणत, "तर आपण सगळे अजून चिखलातच लोळत असतो."

चिखलाबद्दल मात्र त्यांना आदर होता. मेलेलं जनावर उघड्यावर पडलं तर काही दिवसांत त्याचा मागमूस उरत नाही. तेच गाळात पटकन गाडलं गेलं, तर मांस कुजून जातं, हाडं उरतात, वर थरावर थर चढतात, पाण्यातली खनिजं हाडांत मुरतात आणि सावकाश हाडाचा दगड होतो. "मी मरणार खाटेवर," काका सांगत. "माझ्या नशिबी काचेचं कपाट नाही."

त्या दिवशी संशोधक बाई एक ट्रे सांभाळत खाली आल्या. ट्रेमध्ये पस्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या, पाण्याबाहेर नुकत्याच डोकावू लागलेल्या प्राण्याचा पंजा होता. अठरा वर्षांपूर्वी काकांनीच तो साफ केलेला. कडेचा उरलेला दगड आता बाईंनी काढला होता.

"काका, मोजा बोटं."

"सहा."

"सहा! माशांच्या परांचे पाय होत होते ना, तेव्हा बोटांचा आकडा ठरलाच नव्हता. कुणाला आठ, कुणाला सात. पाचावर गाडी फार उशिरा थांबली. सहावाले अगदी थोडे सापडलेत. सोमवारी लेख पाठवतेय!"

काकांनी पंजा पुन्हा निरखला. त्या सहांतलं एक बोट त्यांचं होतं.

अठरा वर्षांपूर्वी पंजावर चारच बोटं दिसत होती, कडेचं एक दगडाखाली दडलेलं, आणि मध्ये एक खड्डा. काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, पाच मोजली आणि खड्ड्यात प्लास्टरचं बोट बसवून दिलं. जणू सगळ्या सृष्टीनं यांचाच पंजा बघून बोटं काढली होती! खरं तर भराव मूळ हाडापेक्षा फिकट ठेवायचा, म्हणजे कुणालाही ओळखू येतो, आणि वहीत नोंद करायची. पण काका ऐन भरात होते. रंग असा जुळवला की बघत राहावं. आणि नोंद? लक्षात राहील की!

जेवताना त्यांनी हे बायकोला सांगितलं.

"अहो, कपाटाची मूठ बसवलीत ती दोनदा हातात आली. आणि तिकडचं बोट अठरा वर्षं टिकलं?"

"अगं, इथे माझी अब्रू जातेय!"

"आणि त्या मुलीची? लेख छापून आल्यावर कुणी ते बोट उपटून दाखवलं, तर ती कुठे तोंड लपवेल? तुम्ही दोन वर्षांनी रिटायर. ती आत्ता कुठे उभी राहतेय."



दुसऱ्या दिवशी बाई येण्याआधीच काका त्यांच्या दाराशी उभे होते.

"बाई, त्यातलं एक माझं आहे."

"तुमचं म्हणजे?"

"पस्तीस कोटी नव्हे, अठरा वर्षांचं. प्लास्टरचं."

बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "कुठलं?"

"तिसरं," काका छातीठोकपणे म्हणाले आणि त्यांनी रंग उतरवणाऱ्या ॲसिटोनचा कापूस तिसऱ्या बोटावर फिरवला. कापूस पांढराच. दुसऱ्यावर फिरवला. कापूस तपकिरी झाला, खालून पांढरंशुभ्र प्लास्टर दिसलं. स्वतःचं बोट स्वतःलाच ओळखता आलं नव्हतं! काकांना लाज वाटली, मग क्षणभर अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून पुन्हा लाज वाटली.

बाईंनी सोबत लेख लिहिणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला. "लेख थांबवा. हो, पाच बोटं नक्की. एक प्लास्टरचं आहे, त्याच्या जागी मुळात काही होतं का, ते दगडातच बघावं लागेल." फोन ठेवून त्या वळल्या. "काका, बाकीच्या खणांत अजून कुठे कुठे हात चालवलाय?"

काकांनी पहिला खण ओढला, आतल्या दगडांवरून नजर फिरवली.

"आठवत नाही हो, बाई. पण जे फार सुरेख दिसेल ना, त्याला आधी कापूस लावा."